हात न लावता शिकलेला डाव

माजलगावच्या एका आडत दुकानात मी पोत्यांवर खुणा करायचं काम करत होतो, तेव्हा मागच्या वखारीत उंदीर मरून पडायला लागले. पहिले काही उंदीर मालकांनी हमालाकरवी गुपचूप उकिरड्यावर टाकले. मग हमालच यायचा बंद झाला. एका सकाळी मालकांच्या दारात छकडा जुंपलेला दिसला. आत बायका-मुलं बसली होती आणि मागं गाठोडी रचली होती. मालक मला म्हणाले, "तू बी जा बाबा घरला. साथ हटली की ये."

मी चालत निघालो. मार्गशीर्षातली थंडी होती, ज्वारी कणसावर आली होती. आमचं गाव चौसाळ्याजवळ, डोंगर चढून गेल्यावर. वाटेत बिंदुसरेच्या काठी पालीला एका म्हातारीनं ओट्यावर बसू दिलं. कुठनं आलास म्हणून विचारलं तेव्हा मी खरं ते सांगितलं. तिनं पाण्याचा हंडा उचलून आत नेला. मी उठलो आणि घाट चढायला लागलो. घरी गेल्यावर सगळं ठीक होईल असं तेव्हा वाटत होतं.

गावाबाहेरच्या ओढ्यापाशी चार-पाच माणसं काठ्या घेऊन उभी होती. सगळ्यात पुढं माझा थोरला भाऊ होता.

"तिथंच थांब," तो म्हणाला.

मला वाटलं गंमत करतोय. मी हसत पुढं झालो, तशी त्यानं काठी आडवी धरली.

"माजलगावाहून आलास न्हवं? तिथं गाठीची साथ हाय. गावात यायचं न्हाई."

"मग कुठं जाऊ?"

त्यानं काठीनंच वर माळ दाखवला. तिथं तुराट्या आणि कडब्याच्या दोन खोपी उभ्या होत्या. मागच्या सालच्या साथीत बांधलेल्या त्या खोपी नंतर कुणी मोडल्या नव्हत्या.

"अमावस्येपर्यंत ऱ्हायचं तिथं. भाकरी आणून ठेवू. कुणाला शिवलास की तिथून पुन्हा नव्यानं दिवस धरायचे. पाटलाचा हुकूम हाय."

भावाच्या मागच्या माणसांत माझ्या बरोबरीचा, माझ्यासंगं ओढ्यात पोहलेला एकजण होता. तो खाली मान घालून पायानं माती उकरत होता. मी वळून माळावर गेलो.

माळावरून आमचं घर अगदी समोर दिसायचं. वहिनी माळवदावर मिरच्या वाळत घालायची, तिचं पोर तिच्या पदराला धरून मागं फिरायचं. संध्याकाळी आमच्या धुराड्यातनं धूर निघायचा. शेजाऱ्यांच्या धुरातून आमचा धूर मला वेगळा ओळखू यायला लागला. दुपारी आई यायची. खोपीच्या अलीकडं एक सपाट दगड होता, त्यावर ती भाकरी आणि कोरड्यास ठेवायची, मागं सरून उभी राहायची आणि मी जेवत असताना बघत राहायची. "ताप न्हाई ना?" "गाठ न्हाई ना?" "पांघरूण पुरतंय ना?" एवढं विचारून डोळ्याला पदर लावत ती जायची. मग दुसऱ्या दुपारपर्यंत मला कुणी नाही.

रोज उठल्याबरोबर मी काखेत आणि जांघेत हात घालून बघायचो. काही नसायचं. मग उन्हात बसायचो. मोठ्यानं बोलावंसं वाटायचं, पण बोलायचं काय ते सुचायचं नाही. दोन दिवसांतच मला माझा आवाज परका वाटायला लागला.

दुसऱ्या खोपीत एक म्हातारा होता. दोन खोपींत विहिरीच्या दोराहून थोडं जास्त अंतर होतं आणि मधे बोरीची काटेरी झुडपं. पहिले काही दिवस तो मला नुसता येता-जाता दिसला. अंगात खाकी कोट, त्याला एकसुद्धा गुंडी नाही, म्हणून पोटाशी सुतळीनं बांधलेला. तो आमच्याच गावचा, असं आईनं सांगितलं. लहानपणीच एका ठेकेदाराबरोबर हैदराबादेकडं गेला होता. सिकंदराबादेच्या छावणीत गोऱ्या शिपायांच्या भोजनघरात त्यानं सगळा जन्म काढला. आता म्हातारपणी परत आला, तर गावानं वाटेवरनंच त्याला इकडं धाडलं.

एका दुपारी मी गुडघ्यांत डोकं घालून बसलो होतो. तिकडून हाक आली.

"ए! पत्ते येतात का बे?"

मी मान वर केली. तो खोपीसमोर धडपं अंथरून बसला होता.

"येत न्हाईत," मी ओरडलो.

"बरं झालं. ज्याला येतात त्याला शिकवायला लई तरास होतो."

"पण मी तिकडं कसा येऊ? शिवायचं न्हाई."

"कोण म्हणतंय ये? पत्ते माझ्या हातात, डोकं तुझ्या धडावर. ह्याला तेवढं पुरतं."

त्या खेळाला छावणीतले गोरे 'ट्वेंटी-वन' म्हणायचे. म्हाताऱ्याच्या तोंडात ते 'टंटीवन' झालं होतं. मी एकवीस म्हणायला लागलो. त्यानं एक पान डोक्यावर धरलं आणि मला पानं ओळखायला शिकवलं. एवढ्या लांबून मला पानावरचा रंग कळायचा आणि चित्र आहे की ठिपके आहेत ते कळायचं, त्याहून जास्त काही नाही. किती ठिपके ते त्याच्या तोंडूनच ऐकायचं.

"राजा, राणी, गुलाम, समद्यांचे धा. दश्शीचे बी धाच. नव्वीचे नऊ, दुर्रीचे दोन. आता तुला दोन पानं, मला दोन पानं. तुझी दोन्ही उघडी. माझं एक उघडं, एक झाकलेलं. आणखी पान पाहिजे तर 'दे' म्हण. पुरे झालं तर 'बस' म्हण. बेरीज एकविसाच्या पुढं गेली की जळालास."

मी गारगोट्या गोळा करून माझ्यासमोर ढीग घातला, त्यानं त्याच्यासमोर. मी हरलो तर माझा एक दगड माळावर भिरकावायचा, तो हरला तर त्यानं त्याचा भिरकावायचा. वाऱ्यानं पानं उडू नयेत म्हणून प्रत्येक पानावर तो एक खडा ठेवायचा. मी सगळ्यात पहिल्यांदा खेळलो तो डाव मला अजून आठवतो. मला दश्शी आणि सत्ती आली.

"सतरा," तो ओरडला. "बोल."

"दे!"

"नव्वी. जळालास."

दुसऱ्या डावात अठरा आले. मी पुन्हा "दे" म्हणालो आणि पुन्हा जळालो. असं चार-पाच वेळा झालं. म्हातारा पानं पिसत राहिला. शेवटी मीच चिडून ओरडलो, "एकवीस करायचेत म्हणालात ना?"

"कुणी सांगितलं एकवीस करायचेत? एकविसाच्या पुढं जाऊ नको म्हणालो. तुला फक्त माझ्यापेक्षा बरं ऱ्हायचंय."

"तुमचं एक पान तर झाकलेलं हाय. मला कसं कळावं?"

"कळणारच न्हाई. जे उघडं हाय त्याच्याकडं बघ. आणि माझ्यावर एक बंधन हाय ते ध्यानात धर. मी वाटणारा. वाटणाऱ्याला मर्जी नसती. सोळापर्यंत मला घ्यावंच लागतं आणि सतरा झाले की थांबावंच लागतं. तुझं तसं न्हाई. तुला वाटलं तर बारावर बी थांब."

बारावर कुणी कशाला थांबेल, ते मला कळलं नाही. दुसऱ्या दिवशी कळलं. माझ्यापुढं राजा आणि दुर्री होती आणि त्याचं उघडं पान छक्की होतं. मी "दे" म्हणायला तोंड उघडलं.

"थांब. घाई करू नको. माझ्याकडं काय दिसतंय?"

"छक्की."

"झाकलेलं बहुतेक मोठं असणार. पत्त्यांत धाची पानंच लई. म्हंजे माझे सोळा झाले. सोळावर मला घ्यावंच लागतंय. मग जळायची पाळी कुणाची?"

मी जरा वेळ विचार केला. मग तळहात खाली करून हवेत आडवा फिरवला. वारा उलटा असला की आवाज पोचायचा नाही, म्हणून 'बस'ची ही खूण आम्ही ठरवली होती. त्यानं झाकलेलं पान उलटं केलं. गुलाम. सोळा. पुढचं पान काढलं आणि ते दोन्ही हातांनी डोक्यावर धरून तो उभाच राहिला.

"अठ्ठी! जळालो बे! बारावर मारलंस मला!"

त्यानं स्वतःच्या ढिगातला दगड उचलून एवढ्या जोरानं भिरकावला की बोरीतली तित्तिरं फडफडून उठली. माळावर आल्यापासून मी पहिल्यांदा हसलो.

एक्क्याचा घोळ मला सगळ्यात उशिरा कळला. एक्का एकही धरता येतो आणि अकराही. एकदा मला एक्का आणि छक्की आली. सतरा धरून मी थांबणार होतो. तो म्हणाला, घे, भिऊ नको. मी घेतलं तर दश्शी आली. मी कपाळावर हात मारला.

"रडतो कशाला? जळाला न्हाईस. एक्का अंग चोरून बसला, अकराचा एक झाला. तुझे सतराच हायेत. गर्दीत एखादा माणूस सरकून जागा देतो न्हाई का, तसलं ते पान."

आमचा दिवस असा भरायला लागला. डावाच्या मधे मधे तो छावणीतलं सांगायचा. गोऱ्या शिपायांना घरची आठवण आली की ते जास्त खेळायचे आणि वाईट खेळायचे. एकानं त्याला हा खेळ शिकवला होता, कारण त्याच्या बराकीतले बाकीचे तापानं दवाखान्यात होते आणि त्याला समोर बसायला कुणीतरी हवं होतं. हे सगळं म्हातारा ओरडून सांगायचा. ओरडल्याशिवाय बोलताच येत नव्हतं, त्यामुळं आमच्यात हळू आवाजातली गोष्टच नव्हती.

एका दुपारी आईला मी म्हणालो, "त्या काकांचे दिवस कवा भरायचेत?"

आई जरा घुटमळली. "त्याचे पुनवेलाच भरले की. तुला ठावं न्हाई? पुतण्या येऊन गेला. घरात जागा न्हाई म्हणाला. त्याला वाटतंय म्हातारा जमिनीचा वाटा मागंल. मग कुठं जातोय? बसलाय तिथंच."

मी त्या दगडाकडं बघत राहिलो. त्याच्या खोपीकडं कुणीच भाकरी घेऊन येत नाही, हे माझ्या ध्यानात आलं होतं, पण मी त्यावर विचार केला नव्हता. सकाळी लवकर उठून तो चौसाळ्याच्या वाटेनं कुठंतरी जायचा आणि ऊन चढता परत यायचा. तंबाखू आणायला जात असेल असं मला वाटायचं. खरं तर तो तिथं कुणाच्या तरी अंगणात लाकडं फोडून पोटापुरतं घेऊन येत होता.

आई गेल्यावर त्यानं पानं पिसली आणि हाक मारली. मी म्हणालो, "काका, तुमचे दिवस भरले म्हणं."

त्याचे हात थांबले. "कोण म्हणालं?"

"आई."

"हां. भरले."

"मग मला सांगितलं कावून न्हाई? तुमाला तर कुणाची बंदी न्हाई. इकडं येऊन बसा की. जवळ बसून खेळू."

"मला बंदी न्हाई, तुला हाय." तो उठून झुडपांपर्यंत आला. एवढ्या जवळ तो पहिल्यांदाच आला होता. "मी चौसाळ्यात धा दारांवर फिरतो. शिवलो तुला आणि कुणी बघितलं, तर तुझे दिवस पुन्हा पयल्यापासून. तुझी माय रोज त्या दगडापाशी उभी ऱ्हाते ती बघतोय मी. ते लांबवायचं न्हाई."

एवढं बोलून तो माघारी गेला आणि धडप्यावर बसला. "वाटू का?"

"वाटा," मी म्हणालो. त्या दिवशी आम्ही बराच वेळ खेळलो. कोण जिंकलं ते मला सांगता येणार नाही.

दुसऱ्या दिवशी आईला मी काही मागितलं नव्हतं. पण तिनं माझ्या दगडावर भाकरी ठेवली आणि तशीच पुढं जाऊन बोरीच्या पलीकडच्या एका दगडावर फडक्यात बांधलेलं काहीतरी ठेवलं. म्हातारा खोपीबाहेर आला नाही. आई निघून गेल्यावर आला, फडकं सोडलं, आणि माझ्याकडं पाठ करून जेवला. पुढं रोज तसंच चाललं. भावाला ते कळलं असणार, कारण दोन भाकरी जास्त लागत होत्या. पण त्यानं त्या बंद केल्या नाहीत.

अमावस्येला सकाळी भाऊ मला न्यायला आला. ओढ्यावर त्यानं कढत पाण्याची घागर आणि लिंबाचा पाला आणून ठेवला होता. माझे कपडे त्यानं काठीनं उचलून जाळले. अंघोळ झाल्यावर त्यानं स्वतःचं धोतर माझ्या हातात दिलं. घराकडं चालताना तो म्हणाला, "त्या दिवशी मी पुढं होतो म्हणून मनात धरू नको. पाटील म्हणत होता, त्याला आला तसा परत लावा. मी म्हणालो, माझा भाऊ हाय, मीच बसवतो त्याला माळावर."

माझ्या तोंडून नुसतं "बरं" एवढंच आलं. त्याच्या हाताला हात लावावासा वाटला, पण इतके दिवस कुणाला शिवलो नव्हतो, त्यामुळं ते कसं करायचं तेच समजेना.

घरी सगळे होते आणि तरी मी एकटा होतो. वहिनीनं माझी ताटली वेगळी ठेवली. पोर माझ्याकडं धावलं की ती त्याला उचलून घ्यायची आणि मग ओशाळून माझ्याकडं बघायची. तिचा राग येत नव्हता. माझ्या जागी दुसरा कुणी असता तर मीही तेच केलं असतं. पारावर गेलो तर माणसं बोलत राहायची, पण मी बसलो की मधली जागा थोडी वाढायची. आणि मी सगळ्यांशी ओरडून बोलत होतो. आई म्हणाली, "हळू बोल रं, आम्ही इथंच हाओत."

तिसऱ्या दिवशी मी माळावर गेलो. म्हातारा धडप्यावर एकटाच पानं मांडून बसला होता. मी झुडपं ओलांडून त्याच्यासमोर मांडी घातली. त्यानं पत्ते माझ्या हातात दिले. तेलकट, कोपरे गोल झालेले, पोळीच्या कडेसारखे मऊ. बदामाची राणी मूळची नव्हती, एका जाड कागदावर कोळशानं रेघा ओढून केलेली होती. इतके दिवस ती मला लांबून खरीच वाटली होती. मी पानं पिसायला गेलो तर ती माझ्या हातातनं सगळीकडं सांडली.

जवळून म्हातारा वेगळाच होता. तोंडावर देवीचे वण होते. एक डोळा सारखा पाणावायचा. पानं वाटताना त्याचा हात थरथरायचा, तेही मला लांबून कधी दिसलं नव्हतं. आम्ही दोन-तीन डाव खेळलो. तो पुटपुटल्यासारखं "बोल" म्हणायचा, मी पुटपुटल्यासारखं "बस" म्हणायचो. तो माझ्याकडं बघेना आणि मी त्याच्याकडं.

शेवटी तो म्हणाला, "असं काय बी मजा येईना बे."

"न्हाई येत."

"जा, तुझ्या जागी बस."

मी उठून माझ्या खोपीपाशी गेलो आणि जुन्या जागी बसलो. गारगोट्यांचा ढीग तसाच होता. त्यानं एक एक पान डोक्यावर धरलं आणि ओरडला, "चौकटची पंजी, बदामाची छक्की! अकरा! बोल!" माझ्या पोटातून आवाज निघाला, "दे!" खालून ओढ्यावर कपडे धुणाऱ्या बायका वर बघायला लागल्या. त्यांना काय वाटलं असेल कुणास ठाऊक. दोन मोकळी माणसं मधे काटे ठेवून एकमेकांना आकडे सांगत होती.

संक्रांतीपर्यंत मी रोज गेलो. मग एका सकाळी तो गाठोडं बांधूनच बसलेला दिसला. बार्शीपर्यंत चालत जाऊन तिथून गाडी धरायची आणि परत छावणीकडं जायचं, असं त्यानं ठरवलं होतं. तिथं तरी कुणी घेईल का, असं मी विचारलं. "तिथं मला माझ्या नावानं वळखणारे दोन-चार हायेत," तो म्हणाला. "इथं एक तू. तू काय जन्मभर माळावर यायचा न्हाईस." चौसाळ्याच्या पुढं एका आंब्यापर्यंत मी त्याच्याबरोबर गेलो. मला वाटलं होतं तो पत्ते मला देऊन जाईल. मी तसं बोलूनही दाखवलं. त्यानं कोटाच्या आत हात घालून चाचपून बघितलं आणि मान हलवली. "न्हाई. तिकडं मला लागतील." मग तो गेला. पुन्हा त्याची काही खबर आली नाही. पुतण्याला मी एकदोनदा विचारलं, तर तो म्हणाला, "मला काय म्हाईत?"

साथ हटल्यावर मी माजलगावला परत गेलो. दुकान उघडलं होतं. हमाल मात्र गेला होता, आणि मालकांची धाकटी मुलगीही. संध्याकाळी दुकानातली माणसं तीन पत्ती खेळायची. त्यांना मी एकवीस शिकवायचा प्रयत्न केला, पण बारावर थांबायचं म्हटलं की ते हसायचे. म्हणायचे, ह्यात मर्दानगी काय आहे. मी शिकवणं सोडून दिलं.

पुढच्या वर्षी सरकीच्या गाड्यांबरोबर मी बार्शीला गेलो. आगगाडीच्या ठेसनावर उगाचच थोडा वेळ उभा राहिलो. खाकी कोटातली माणसं पुष्कळ होती. बाजारात एका दुकानात कोरे पत्ते मिळाले. परतीच्या वाटेवर बैल सोडून आम्ही दुपारी थांबलो. गाडीवान म्हणाला, चला, मांडा एखादा डाव. मी त्याला एकविसाचं सांगायला लागलो. राजाचे दहा, राणीचे दहा इथपर्यंत त्यानं ऐकलं. एक्क्यापाशी त्याला झोप लागली.

मग मी पोत्यावर दोघांची पानं मांडली, माझी आणि वाटणाऱ्याची. वाटणाऱ्याला मर्जी नसते, त्यामुळं त्याच्या जागी कुणी नसलं तरी चालतं. सोळावर घ्यायचं, सतरावर थांबायचं. नवी पानं ताठ आणि निसरडी होती, नीट पिसली जात नव्हती. माझ्यापुढं चौदा आले. समोर सत्ती होती. मी हळूच "दे" म्हणालो आणि वरचं पान काढलं.